गल्लीच्या तोंडाशी समोरचा आधी दिसावा म्हणून

कोल्हापुरात मी एकोणीस वर्षं बायकांना गाडी शिकवते. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच असतो, त्यामुळं शिकणारीचा पाय चुकला तरी गाडी थांबते. पण गेल्या श्रावणात एका सकाळी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी माझाही ब्रेक उशिरा लागला. शिकणारी बाई पहिल्या गिअरमध्ये होती, तिचं काही चुकलं नव्हतं. उजवीकडून सातवीतला एक मुलगा सायकलवरून क्लासला निघाला होता. तो आम्हाला दिसला तेव्हा त्याचं पुढचं चाक आमच्या बंपरला टेकलेलंच होतं. गुडघा फुटला, रिम वाकली, एवढ्यावर निभावलं.

त्या दिवशी मी शिकवणी बंद ठेवली आणि तासभर त्या कोपऱ्यावर उभी राहिले. कंपाउंडवरून दोन हात बाहेर आलेली बोगनवेल, तिला लागून उभा टेम्पो, टेम्पोच्या पुढं कुणाच्या तरी वाढदिवसाचा डिजिटल (फ्लेक्स) फलक. रोज चार वेळा मी तिथून जात होते. देवकर पाणंदीच्या बाजूला आमची कॉलनी आहे, आणि अशी तोंडं तिथं गल्लोगल्ली आहेत. त्यानंतरच्या चार महिन्यांत आम्ही काय केलं आणि कुठं चुकलो, ते तुमच्या गल्लीत उपयोगी पडावं म्हणून लिहिते.

सगळ्यात आधी मोजायचं. लोक उभं राहून कोपरा बघतात आणि म्हणतात, "दिसतंय की सगळं." उभ्या माणसाचे डोळे पाच फुटांवर असतात. कारमध्ये बसलेल्याचे डोळे रस्त्यापासून साधारण १.२ मीटरवर, म्हणजे चार फुटांवर असतात. रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेसही हीच उंची धरते. त्या एका फुटात मेंदीचं अख्खं कुंपण मावतं. दुसरी गोष्ट, डोळे बंपरवर नसतात. आमच्या गाडीत मी टेप लावून बघितला: बंपरपासून माझ्या डोळ्यांपर्यंत पावणेदोन मीटर भरले. म्हणजे कोपऱ्याची भिंत अगदी रस्त्याला भिडलेली असेल, तर तुम्हाला दिसायला लागायच्या आत गाडीचं नाक जवळजवळ दोन मीटर मोठ्या रस्त्यात गेलेलं असतं.

म्हणून मोजणी गाडीत बसूनच करायची. गाडी गल्लीतून आणून बंपर मोठ्या रस्त्याच्या कडेला टेकेल अशी उभी करा, पण एक इंचही पुढं नको. चालवणाऱ्याच्या सीटवर घरातल्या बुटक्या माणसाला बसवा. दुसऱ्यानं लहान मुलाची सायकल घ्यायची, हँडलला लाल टॉवेल बांधायचा आणि मोठ्या रस्त्याच्या कडेकडेनं लांब चालत जायचं. टॉवेल दिसेनासा झाला की गाडीतून हाक द्यायची आणि तिथं चुन्याची फक्की टाकायची. मग गल्लीच्या मध्यापासून त्या फक्कीपर्यंत टेप. उजवीकडं एकदा, डावीकडं एकदा. रविवारी सकाळी सातला रस्ता रिकामा असतो, पण त्या वेळची मोजणी खोटी निघते. सगळ्या गाड्या लागलेल्या असतात तेव्हा, संध्याकाळी, अजून उजेड असताना मोजा. सायकल ओढणाऱ्याबरोबर आणखी एकजण येणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवायला हवाच.

आमच्याकडं डावीकडं १६ मीटर निघाले, उजवीकडं ११. आता ११ मीटर म्हणजे किती? ताशी ३० किलोमीटरनं येणारी मोटारसायकल सेकंदाला सव्वाआठ मीटरच्या वर जाते. सव्वा सेकंदात ती तुमच्यासमोर. रोड्स काँग्रेसच्या कोष्टकात ताशी ३० किलोमीटरला थांबायला ३० मीटर लागतात, ४० ला ४५ मीटर. माणसाला दिसून, उमजून, पाय ब्रेकवर जायलाच त्यात अडीच सेकंद धरलेले आहेत. आमचा ११ मीटरचा कोपरा ज्याच्या वाट्याला येतो, त्याचा पाय ब्रेकपर्यंत पोचतच नाही. त्यामुळं आम्ही दोन्ही बाजूंना ३० मीटरच्या खुणा केल्या आणि तिथपर्यंत टॉवेल दिसला पाहिजे असं ठरवलं.

उजवा कोपरा आधी हाती घ्या. आपण डावीकडून गाड्या चालवतो. त्यामुळं उजवीकडून येणारा नीट आपल्या कडेनं येत असला तर तो तुमच्या उजव्या हाताच्या भिंतीला चिकटूनच येतो, आणि भिंत त्याला शेवटपर्यंत झाकते. डावीकडून येणारा पलीकडच्या कडेनं येतो, म्हणून जरा लवकर दिसतो. शिवाय पुढच्या काचेच्या उजव्या कडेचा पिलर, म्हणजे काच धरणारा खांब, आपल्या डोळ्यांना जवळ असतो. त्याच्यामागं सायकलस्वार आख्खा लपतो. तो क्लासला निघालेला मुलगा तसाच लपला होता. फलक, सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची हा नियम आहे, आणि लहान रस्त्यावरून मोठ्या रस्त्यावर येताना मोठ्या रस्त्यावरच्याला. दिसलाच नाही तर वाट देणार कशी?

आता झाडं. कोपऱ्यापासून पाच-सहा मीटरपर्यंत कुंपणाची झाडं दोन फुटांवर आणायची. कंपाउंड उंच जोत्यावर असेल तर ती उंची रस्त्यापासून मोजायची, अंगणापासून नाही. इथं आम्ही एकदा फसलो. मेंदी आणि कोयनेल पावसाळ्यात बघता बघता वाढतात, म्हणून जूनच्या शेवटी, गणपतीच्या आधी आणि दसऱ्यानंतर, अशी तीनदा कात्री लावायचं ठरलेलं बरं. मोठं झाड मात्र तोडायला निघू नका. सरळ बुंध्याचं झाड फार थोडं झाकतं. खालच्या फांद्या सात-आठ फुटांपर्यंत काढल्या की त्याखालून स्वच्छ दिसतं. आणि त्यासाठीसुद्धा महापालिकेच्या उद्यान विभागाला आधी विचारा, कारण शहरातल्या झाडांना १९७५ च्या कायद्यानं संरक्षण आहे. कोपऱ्यावर रिकामा प्लॉट असेल आणि मालक पुण्याला असेल, तर ऑगस्टमध्ये तिथं काँग्रेस गवत आणि एरंड माणसाच्या उंचीचा होतो. आमच्या मंडळाच्या पोरांनी मालकाला फोन करून परवानगी घेतली आणि एका सकाळी सगळं उपटून टाकलं. काँग्रेस गवत उपटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात, अंगाला फार खाज सुटते.

भिंतीची गोष्ट अवघड. आमच्या उजव्या कोपऱ्याला पाच फुटी पक्की भिंत होती, तिचे मालक पंचाहत्तरीचे आबा. दोनदा सांगून बघितलं. "तीस वर्षं झाली ही भिंत बांधून, आत्ताच कशी तुम्हाला आडवी आली?" असं म्हणाले. तिसऱ्यांदा मी बोललेच नाही. गाडी कोपऱ्यावर आणली, बंद केली, हँडब्रेक ओढला आणि आबांना म्हटलं, "दोन मिनिटं माझ्या जागी बसा." चप्पल बाहेर काढून ते सीटवर बसले. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. उजवीकडं मान वळवली, मग पुढं वाकले, मग काचेला कपाळ लावलं. त्यांची पाचवीतली नात भिंतीपलीकडं दहा पावलांवर सायकल धरून उभी होती. आवाज येत होता, "आजोबा, मी इथं आहे." आबांना ती दिसत नव्हती. ते उतरले, चप्पल घातली, भिंतीवर हात फिरवला आणि विचारलं, "किती खाली घ्यायची?"

दोन फूट भिंत ठेवून वर उभ्या सळ्यांची जाळी, कोपऱ्यापासून पाच मीटरपर्यंत. हेच तुम्हीही मागा. कुत्रं, जनावर आत येत नाही, घर उघडं पडत नाही, आणि सळ्यांमधून सायकल दिसते. सळ्यांमध्ये निदान चार इंच अंतर ठेवा आणि सळईऐवजी चपटी पट्टी वापरू नका. पट्टी तिरक्या नजरेला एकाला एक लागून पुन्हा भिंतच होते. आमची जाळी उद्यमनगरातून करून घेतली, खर्च गल्लीतल्या घरांनी वाटून दिला. जाळीवर हिरवं कापड किंवा वेल चढवू नये एवढं आबांकडून कबूल करून घेतलं.

लावलेल्या गाड्या हे रोजचं काम आहे. चौकाजवळ आणि वळणावर गाडी लावायला नियमानंच मनाई आहे, पण नियम सांगून भांडण होतं, हा माझा अनुभव. टेम्पोवाल्या दादांना आम्ही आधी दुसरी जागा दाखवली, मंदिराच्या बाजूची, आणि मग कोपरा सोडायला सांगितलं. ते लगेच तयार झाले. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी कोपऱ्याच्या दोन्ही अंगांना पट्टे असलेले बरे. ते स्वतः मारण्यापेक्षा महापालिकेच्या विभागीय कार्यालयात गल्लीतल्या लोकांच्या सह्यांचा अर्ज द्या, आणि नो पार्किंगच्या फलकासाठी शहर वाहतूक शाखेकडं. अर्जाला मोजणीचे आकडे, फक्कीच्या खुणांचे फोटो आणि सीटवरून काढलेला एक फोटो जोडा. पहिला अर्ज मी नुसता "धोकादायक कोपरा" म्हणून दिला होता, तो एका टेबलावर दोन महिने पडून राहिला. आकडे जोडून दुसरा दिला तेव्हा माणूस जागेवर बघायला आला. एक करू नका: जागा अडवायला दगड, टायर, कुंड्या ठेवू नका. रात्री त्यावर दुचाकी जाते.

डिजिटल फलकांबद्दल मंडळाशी एकदाच बोला आणि जागा ठरवून द्या. कोपऱ्यापासून लांब, आणि खालची कड आठ फुटांच्या वर. वाढदिवसाचा असो की श्रद्धांजलीचा.

आरसा सगळ्यात शेवटी. आम्ही आधी आरसाच आणला होता, ही आमची मोठी चूक. बहिर्वक्र आरशात माणूस लहान दिसतो आणि आहे त्यापेक्षा लांब वाटतो. वेगाचा अंदाज तर येतच नाही. रस्त्याच्या डाव्या कडेनं नीट येणाराही त्यात उलट्या कडेनं आल्यासारखा दिसतो. म्हणून "कोणीतरी आहे" एवढंच त्याला विचारायचं, "निघू का" हे नाही. जिथं भिंत, खांब हलतच नाही तिथं तो लावा. आरसा गल्लीच्या तोंडासमोर, पलीकडच्या कडेला हवा, आणि ज्या बाजूचं बघायचंय तिकडं अर्धा वळवलेला, किंचित खाली झुकलेला. एका आरशात दोन्ही बाजू पकडायला गेलं की एकही धड दिसत नाही. २४ इंची लहान पडतो, ३२ इंची घ्या. खालची कड सात-साडेसात फुटांवर. महावितरणच्या खांबाला बांधू नका, परवानगी घेऊन वेगळा पाइप रोवा, खाली दोन फूट काँक्रीट. पक्का आवळायच्या आधी सीटवर बसलेल्यानं सांगायचं आणि शिडीवरच्यानं फिरवायचा. आम्ही खालून उभं राहून लावला होता, तर गाडीत बसल्यावर त्यात नुसतं आभाळ दिसत होतं. आरशाचं तोंड पूर्वेला असेल तर सकाळी शाळेच्या वेळेलाच त्यात ऊन चमकतं, म्हणून वर टोपी असलेला घ्या. थंडीत त्यावर दव बसतं. आमच्याकडं पहाटे दूध आणायला जाणारे काका लांब काठीला फडकं बांधून तो पुसतात.

गतिरोधक मागायचा असेल तर गल्लीच्या अगदी तोंडात नको. तिथं चालवणाऱ्याची नजर उंचवट्यावर खाली जाते, कोपऱ्याकडं नाही. तो थोडा अलीकडं, आणि पसरट. रोड्स काँग्रेसच्या जुन्या मानकात १० सेंटीमीटर उंची आणि ३.७ मीटर रुंदी आहे. गल्लीत घातलेले हातभर रुंदीचे उंचवटे त्यात बसत नाहीत.

चालवताना माझ्या विद्यार्थिनींना मी हे रोज करायला लावते. तोंडाशी पूर्ण थांबायचं. उजवीकडं, डावीकडं, पुन्हा उजवीकडं. बघताना नुसती मान वळवायची नाही, अंग पुढं-मागं हलवायचं, म्हणजे पिलरमागचा माणूस बाहेर येतो. मग क्लचवर वीतभर पुढं, पुन्हा थांबा, पुन्हा बघा. गाडीतल्या आरशाला लोंबणाऱ्या माळा, डॅशबोर्डवरच्या मूर्ती उजव्या कोपऱ्यातून काढा. देवाला मधली जागा द्या. हॉर्न वाजवला म्हणजे बघितलं असं होत नाही, कानात इअरफोन घातलेला पोरगा तो ऐकत नाही.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा टॉवेल बांधून मोजलं. उजवीकडं ३० मीटरची खूण दिसते. डावीकडं २१ वर अडतं, कारण तिथं महावितरणचा डीपी आहे. तो सरकवण्याचा अर्ज दिला आहे, आरसा त्याच्यासाठीच ठेवला आहे, आणि तोवर त्या तोंडाशी माझ्या गाडीतली प्रत्येकजण दोनदा थांबते.