जर्मन शहराचे उपनगर नकाशावरून कसे वाचावे : नागपूरकरांसाठी डुर्लाखचे उदाहरण

उच्च शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नागपूरहून कार्ल्सरूहला जाणाऱ्या तरुणाच्या हाती खोलीचा पत्ता येतो, त्यात ७६२२७ हा पिनकोड दिसतो, आणि ही जागा शहराच्या मध्यभागी नसून डुर्लाख नावाच्या उपनगरात आहे असे कळते. नागपुरात उपनगर म्हटले की बेसा किंवा मनीषनगर डोळ्यांसमोर येते, म्हणजे कालपर्यंत शेती असलेल्या जमिनीवर लेआउट पडले, प्लॉट विकले गेले, मग रस्ते आणि नळ आले असा क्रम. हीच कल्पना मनात ठेवून जर्मन उपनगराचा नकाशा उघडला तर तो उलगडत नाही, कारण तेथील कित्येक उपनगरे शहर वाढत गेले म्हणून निर्माण झालेली नाहीत. ती आधीपासूनच स्वतंत्र गावे होती आणि वाढत्या शहराने त्यांना पुढे आपल्यात घेतले. म्हणून पहिला नियम असा की, कोणत्याही जर्मन उपनगराविषयी सर्वप्रथम तीन गोष्टी शोधाव्यात : ते शहराला कोणत्या साली जोडले गेले, त्याआधी ते काय होते, आणि त्याचे जुने केंद्र कोठे होते.

डुर्लाखच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे आश्चर्यकारक आहेत. ते कार्ल्सरूहमध्ये विलीन झाले १९३८ साली, पण त्याचा नगर म्हणून उल्लेख ११९६ पासून मिळतो. कार्ल्सरूहची पायाभरणी १७१५ सालची, म्हणजे उपनगर शहरापेक्षा पाच शतकांहून अधिक जुने आहे. १५६५ मध्ये बाडेन या जर्मन संस्थानाच्या मार्ग्राफ (ही तेथील राज्यकर्त्यांची पदवी) घराण्यातील कार्ल दुसरा याने आपली राजधानी फोर्झहाइमहून येथे आणली आणि कार्ल्सबुर्ग हा राजवाडा बांधला. १६८९ च्या युद्धात फ्रेंच सैन्याने डुर्लाख जाळले, मोजकीच घरे वाचली, राजवाडाही जळाला आणि नंतर तो पूर्वीच्या स्वरूपात पुरता उभा राहिलाच नाही. पुढे याच घराण्यातील कार्ल विल्हेल्म याने पश्चिमेकडे सुमारे पाच किलोमीटरवर जंगलात नवा राजवाडा आणि त्याभोवती नवे शहर वसवायला घेतले, आणि काही वर्षांतच दरबार तिकडे गेला. आज ज्याला आपण उपनगर म्हणतो त्याच्याच राजसत्तेतून मुख्य शहर जन्माला आले, हे लक्षात आल्याशिवाय डुर्लाखचा नकाशा कळणे कठीण आहे.

आता नकाशा घ्यावा. ओपनस्ट्रीटमॅपसारखा, रस्त्यांची नावे नीट दाखवणारा मुक्त नकाशा या कामासाठी सोयीचा पडतो. त्यावर महानगरपालिकेची हद्द पाहू नये, रस्त्यांचा आकार पाहावा. कार्ल्सरूहचा राजवाडा मध्यभागी धरला तर त्याच्या मनोऱ्यापासून ३२ रेषा सर्व दिशांना जातात. त्यांपैकी दक्षिणेकडच्या नऊ रेषांवर शहर वसले आहे आणि उरलेल्या रेषा उद्यानातून व जंगलातून जातात. उघडलेल्या पंख्यासारखा दिसणारा हा आराखडा एकाच माणसाच्या हुकमाने कागदावर आखलेला आहे. तेथून पूर्वेकडे सरकत डुर्लाखपर्यंत यावे. येथे रेषा सरळ नाहीत. जुना भाग साधारण लंबगोल दिसतो, गल्ल्या वळतात, घरांचे दर्शनी भाग अरुंद आणि प्लॉट मागे लांब गेलेले असतात. हा लंबगोल म्हणजे जुन्या तटबंदीच्या आतला भाग. तट पुष्कळसा गेला तरी त्याच्या कडेने पडलेले रस्ते उरतात, आणि तटाची रेषा शोधायची ती याच वळणांवरून.

तटाला वेशी असतात आणि वेशी शोधणे ही पुढची पायरी. जर्मनमध्ये टोर म्हणजे वेस आणि श्ट्रासे म्हणजे रस्ता. डुर्लाखच्या वेशींपैकी आज बास्लर टोर ही एकच उभी आहे. बाकीच्या वेशी पाडल्या गेल्या, पण ब्लूमेनटोरश्ट्रासे आणि ओक्सनटोरश्ट्रासे या रस्त्यांच्या नावांत त्या टिकून आहेत. नावांच्या आधारे नकाशावर खुणा करत गेल्यास नगरात शिरण्याच्या जुन्या वाटा जवळजवळ पूर्ण सापडतात. नागपूरकराला याचा सराव घरबसल्या करता येतो. महालातील गांधी गेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, नकाशावर शोधावा आणि तेथून आत-बाहेर जाणारे रस्ते पाहावेत. नंतर त्याच नकाशावर नागपूर सुधार प्रन्यासाने आखलेल्या एखाद्या वस्तीचे चौकोनी प्लॉट शेजारी ठेवून पाहावेत. वाढत गेलेले गाव आणि आखलेली वस्ती यांतील फरक एकदा आपल्या शहरात डोळ्यांना कळला की परदेशी नकाशावर तो ओळखायला वेळ लागत नाही.

येथे एक चूक हमखास होते, ती म्हणजे घरांच्या वयावरून वस्तीचे वय ठरवणे. १६८९ च्या आगीनंतर डुर्लाखमधील बहुतेक घरे नव्याने बांधावी लागली, त्यामुळे जुन्या भागातील इमारती पाहून कोणाला हे अठराव्या शतकातले गाव वाटेल. पण घरे जळाली तरी जमिनीची मालकी आणि वाटा जळत नाहीत. लोक आपापल्या जागेवरच पुन्हा बांधतात. त्यामुळे रस्ता आणि प्लॉटची हद्द यांना इमारतीपेक्षा जुना पुरावा मानावे. माझ्या मते सगळ्या पद्धतीत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती महालाच्या गल्ल्यांनाही तितकीच लागू पडते.

तटाबाहेर पडल्यावर रेल्वे शोधावी. कार्ल्सरूह ते हायडेलबर्ग हा मार्ग १८४३ मध्ये सुरू झाला आणि डुर्लाखला स्थानक मिळाले. कारखाने त्यामागोमाग आले. त्यांत शिलाई यंत्रे बनवणारा ग्रिट्झनरचा कारखाना पुढे बराच मोठा झाला. जेथे रेल्वे, कारखाना आणि त्यालगत सारख्या उंचीच्या घरांच्या रांगा दिसतात तेथे एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आहे असे बहुधा समजावे. नागपुरात १८६७ साली रेल्वे आली आणि १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, हा क्रमही तसाच आहे.

शहर आणि उपनगर यांना जोडणारा रस्ता वेगळा पाहावा लागतो. कार्ल्सरूहच्या मध्यातून जाणारी कैझरश्ट्रासे ही मुळात डुर्लाखकडे जाणारी वाट होती. तिच्या पूर्व टोकाच्या चौकाला आजही डुर्लाखर टोर म्हणतात आणि पुढे ‘डुर्लाखर आले’ (Durlacher Allee) नावाचा सरळ रस्ता लागतो. १८८१ मध्ये कार्ल्सरूह आणि डुर्लाख यांदरम्यान वाफेवर चालणारी ट्राम धावू लागली. राजकीय विलीनीकरण त्यानंतर अर्ध्या शतकाहूनही उशिरा झाले, म्हणजे वाहतूक आधी आणि हद्द नंतर. पूर्वेकडच्या टुर्मबर्ग टेकडीवर जाणारी दोरखंडाची रेल्वे १८८८ ची आहे आणि १९६६ पर्यंत ती पाण्याच्या वजनावर चालत होती.

शेवटी आजचे पोटभाग पाहावेत, पण त्यांवर फार वेळ घालवू नये. आउए हे शेजारचे गाव डुर्लाखने १९२१ मध्ये स्वतःत सामावून घेतले होते, म्हणून उपनगराच्या पोटात आणखी एक जुने केंद्र सापडते. टेकडीवरचा बेर्गवाल्ड मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची वसाहत आहे.

कागदपत्रे शोधताना विलीनीकरणाचे वर्ष पुन्हा कामी येते. १९३८ पूर्वीचे डुर्लाख हे स्वतंत्र नगर असल्याने त्या काळातील नोंदी त्याच्याच नावाने शोधाव्यात, कार्ल्सरूहच्या नावाने शोधल्यास बरेच काही निसटते. शिवाय गावे शहराला जोडली गेल्यावर एकाच नावाचे दोन रस्ते राहू नयेत म्हणून जर्मन नगरपालिका अनेकदा नावे बदलतात, तेव्हा जुन्या पत्त्यावरील रस्ता आजच्या नकाशावर थेट सापडला नाही तर आधी नावबदलाची नोंद पाहावी. कार्ल्सरूहचा नगरकोश इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. तो जर्मन भाषेत असला तरी यंत्रानुवादाने वाचता येतो, मात्र यंत्र रस्त्यांच्या नावांचेही भाषांतर करून टाकते, म्हणून नावे मूळ मजकुरातूनच उतरवून घ्यावीत. प्रत्यक्ष तेथे पोहोचल्यावर कार्ल्सबुर्गच्या उरलेल्या इमारतीतील फिन्झगाउ संग्रहालय गाठावे, कारण डुर्लाखच्या स्थानिक इतिहासासाठीच ते आहे, आणि आपण नागपुरात बसून काढलेली तटाची रेषा तेथील जुन्या चित्रांशी ताडून पाहावी.