ऑनलाइन कोर्सला पॉइंट सिस्टीम लावताय? लिटरवर नको, फॅटवर द्या

माझी वहिनी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरातून ब्लाऊज शिवायचे ऑनलाइन कोर्स घेते, आधी बेसिक, मग कटोरी, मग प्रिन्सेस कट. शिकवायचं काम तिचं, आणि पैसे आले का, लिंक गेली का, कुणाचा होमवर्क राहिलाय हे बघायचं काम माझं. बायका कागलच्या, गडहिंग्लजच्या, इचलकरंजीच्या, काही पार निपाणीच्या. पहिला कोर्स घ्यायच्या आणि निम्म्यात सोडायच्या, किंवा पूर्ण करायच्या पण पुढचा घ्यायच्या नाहीत, ही आमची अडचण होती म्हणून आम्ही पॉइंट सुरू केले, जे साठवून पुढच्या कोर्सच्या फीत वळते करता येतात. पहिल्या वेळी चुकलं, सगळं मोडून परत मांडलं, आणि आता जे नीट चालतंय ते इथं लिहितोय. शिवणकाम असू दे, टॅली असू दे नाहीतर स्पर्धा परीक्षा, हिशोब तोच आहे.

आधी काय चुकलं ते सांगतो. व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला की १० पॉइंट असा नियम होता. आठवड्यात सगळ्यांचे पॉइंट भराभर वाढले, आम्ही खूश, आणि तिसऱ्या धड्याला वहिनीनं पेपर कटिंगचे फोटो मागितले तर २२ जणींपैकी ६ जणींचे आले. एकीनं सरळ सांगितलं, "ताई, मोबाईल लावून ठेवते आणि भाकऱ्या करते." तिची काहीच चूक नव्हती, आम्ही ज्याचे पॉइंट देत होतो तेच ती करत होती.

गावाकडं डेअरीला दूध घालणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. दूध संस्था नुसते लिटर मोजून पैसे देत नाही, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग) बघते, म्हशीच्या दुधाला ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ धरून दर ठरतो आणि तिथनं वरखाली होतो. नुसत्या लिटरवर पैसे मिळाले असते तर पाणी घालणाऱ्याचंच भलं झालं असतं. तसं कोर्समध्ये व्हिडिओची मिनिटं, लॉगिन, लाईक, कमेंट हे सगळं लिटर आहे, आणि शिकणाऱ्यानं स्वतःच्या हातानं करून दाखवलेलं काम हे फॅट. त्यामुळं कागद-पेन घेऊन पहिलं काम हे करा की तुमच्या कोर्समधलं फॅट कुठलं ते ठरवा. टॅलीच्या कोर्सला जुळलेला ट्रायल बॅलन्स, स्पर्धा परीक्षेला सोडवलेला पेपर आणि शेजारी स्वतः लिहिलेली चुकांची यादी. आमच्याकडं कापलेल्या तुकड्याचा फोटो, पण त्यावर टेप ठेवलेला पाहिजे. वहिनी फोटो मोठा करून मुंढ्याची (बाही जोडतात त्या जागेची) गोलाई बघते, अर्धा इंच जास्त खोल गेली असेल तर त्याच फोटोवर बोटानं लाल रेघ ओढून परत पाठवते, आणि दुरुस्त करून परत फोटो आला की मगच पॉइंट. पहिल्या फटक्यात बरोबर आलेल्या आणि दुसऱ्यांदा दुरुस्त केलेल्या कामाला आम्ही सारखेच पॉइंट देतो, कारण दुरुस्ती करतानाच शिकणं होतं असं तिचं ठाम मत आहे आणि मला ते पटतं.

आता पैशाचा भाग. एक पॉइंट म्हणजे एक रुपया, एवढंच ठेवा. मोठ्या कंपन्यांचं बघून १००० पॉइंट म्हणजे २५० रुपये असली भानगड करू नका, समोरच्या माणसाला तोंडी हिशोब आला नाही तर त्याला वाटतं आपल्याला कुठंतरी गंडवतायत आणि तो पॉइंट वापरतच नाही. आमचा बेसिक कोर्स १५०० रुपयांचा, ८ धडे. प्रत्येक धड्याचं काम पास झालं की १५ पॉइंट, म्हणजे १२०, आणि शेवटी अस्तर लावून पूर्ण शिवलेला ब्लाऊज दाखवला की ६०. एकूण १८०, म्हणजे फीच्या १२ टक्के. पुढचा कटोरीचा कोर्स १२०० चा आहे, त्यात हे १८० वळते केले की तिला १०२० भरायचे. पुढच्या कोर्सच्या फीमध्ये जास्तीत जास्त ३० टक्के पॉइंट चालतील अशी मर्यादा घाला, नाहीतर एखादी बाई वर्षभर साठवून कोर्स फुकटात घेते आणि होमवर्क तपासायचा तुमचा वेळ मात्र तेवढाच जातो.

आणि इथं एक गोष्ट मनावर घ्या, दिलेला पॉइंट म्हणजे तुमच्यावर असलेली उधारी आहे. ४० जणींनी कोर्स पूर्ण केला की ४० गुणिले १८०, ७२०० रुपये तुम्ही देणं लागता. बऱ्याच जणी वापरणारच नाहीत असं धरून हिशोब करायचा मोह होतो, तो करू नका. सगळ्यांनी सगळे वापरले तरी परवडतंय का ते बघा. पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन फी घ्यायच्या सोयीचे) पैसे, जाहिरातीचे पैसे आणि होमवर्क तपासायला लागणारे तास फीमधनं आधी वजा करा आणि जे उरतं त्यातनं पॉइंट ठरवा. तास आम्ही पहिल्यांदा धरलेच नव्हते. एका फोटोला ५ मिनिटं धरली तर ४० जणींचे ८ धडे म्हणजे १६०० मिनिटं, जवळजवळ २७ तास झाले.

दोन प्रकारचे पॉइंट असतात आणि ते एकत्र करायचे नाहीत. एक विकत घेतलेले, म्हणजे कुणी २००० भरून २००० पॉइंट घेतले आणि पाहिजे तसे धडे घेतले. दुसरे काम करून कमावलेले. विकत घेतलेले हे तिचे स्वतःचे पैसे आहेत, ते कधी बुडवायचे नाहीत, परत मागितले तर न वापरलेले परत द्यायचे. कमावलेले हे बक्षीस आहे, त्याला १ वर्षाची मुदत चालते, रोख मिळणार नाही हे आधीच सांगायचं. फी भरताना दोन्ही असतील तर ज्यांची मुदत आधी संपते ते आधी कापायचे, म्हणजे कमावलेले. आम्ही सुरुवातीला उलटं करत होतो आणि एकीचे ९० पॉइंट वाया गेले, ते मी नंतर परत चढवले.

विकत घ्यायच्या पॉइंटबद्दल अजून थोडं. ते फक्त तुमच्याच कोर्ससाठी चालत असतील आणि त्यातनं रोख काढता येत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या भाषेत तो क्लोज्ड सिस्टीमचा प्रकार होतो आणि त्याला त्यांची परवानगी लागत नाही. पण अस्तर-फॉलचा एक ओळखीचा दुकानदार म्हणाला, तुमचे पॉइंट माझ्या दुकानात पण चालवूया, नंतर आपण हिशोब करू. ऐकायला भारी वाटतं पण दुसऱ्याच्या दुकानात चालायला लागलं की ते क्लोज्ड राहत नाही, वेगळे नियम लागतात. आम्ही त्याला नको म्हटलं, आणि त्याऐवजी कोर्स पूर्ण केलेल्या बाईला त्याच्याकडनं थेट सूट मिळेल असं ठरवलं, पॉइंटचा संबंधच नाही. जीएसटी नंबर असेल तर लक्षात ठेवा की सेवेसाठी ॲडव्हान्स घेतलेल्या पैशावर पैसे आले तेव्हाच टॅक्स लागू होतो, आणि अशा ट्रेनिंगला दर १८ टक्के आहे. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असली तर सहसा नोंदणीची गरज नसते, पण पॉइंटचे पॅक विकायच्या आधी एकदा सीएकडं बसून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

वही कशी ठेवायची? ॲप-बिप काही लागत नाही, गुगल शीट बास झालं. तारीख, मोबाईल नंबर, कशाचे पॉइंट, जमा, खर्च, मुदत, शिल्लक. एकच नियम कडक पाळा, लिहिलेली ओळ कधी खोडायची नाही, चूक झाली तर खाली उलटी ओळ टाकायची. आणि डेअरीत दूध घातलं की लगेच लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम छापलेली चिठ्ठी हातात पडते ना, तशी चिठ्ठी प्रत्येक वेळी व्हॉट्सॲपवर गेली पाहिजे: "धडा ४ पास, १५ जमा, शिल्लक ६०." हे सुरू केल्यापासनं "माझे पॉइंट किती" असले फोन जवळजवळ बंदच झाले.

सुरुवात रिकाम्या कार्डानं करू नका. २००६ मध्ये न्यून्स आणि ड्रेझ या दोघा संशोधकांनी एक प्रयोग छापला होता. गाडी धुवायच्या दुकानात निम्म्या गिऱ्हाइकांना ८ शिक्के लागणारं रिकामं कार्ड दिलं आणि निम्म्यांना १० शिक्क्यांचं पण २ आधीच मारलेले. राहिलेलं काम दोघांचं सारखंच, ८ वेळा गाडी धुणं. तरी रिकामं कार्ड १९ टक्के लोकांनी पूर्ण केलं आणि २ शिक्केवालं ३४ टक्के लोकांनी. आम्ही हे असं वापरलं की पहिल्याच दिवशी आपल्या मशीनचा आणि टेपचा फोटो पाठवला की १५ पॉइंट. ते वरच्या १८० मधलेच, पहिल्या धड्याचे काढून इथं लावले, म्हणजे खर्च वाढला नाही. मशीनचा फोटो बघून वहिनीला पण कळतं कुणाकडं पायाचं मशीन आहे, कुणाकडं मोटरचं, त्याप्रमाणं ती सांगते.

पण सगळंच पॉइंटवर टांगू नका. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्र काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला, ज्यांना आधीच सांगितलं होतं की चित्र काढलं तर बक्षीस मिळेल ती मुलं नंतर मोकळ्या वेळात कमी चित्रं काढायला लागली, आणि ज्यांना अचानक बक्षीस मिळालं त्यांची आवड कमी झाली नाही. म्हणून आम्ही थोडा वाटा न सांगता द्यायला बाजूला ठेवलाय. कुणी दुसरीच्या शंकेला ग्रुपवर नीट उत्तर दिलं, तर वहिनी तिला आपणहून २५ पॉइंट आणि एक आवाजी मेसेज पाठवते. बायका पॉइंटपेक्षा त्या मेसेजबद्दलच जास्त बोलतात.

मैत्रिणीला आणलं तर पॉइंट, हे ठेवायचंच, आपल्या भागात बरीच गिऱ्हाइकं तोंडी प्रचारावरच येतात. फक्त पॉइंट जॉइन झाल्या झाल्या देऊ नका. आमच्याकडं पहिल्यांदा पैसे भरताच १०० पॉइंट होते, तर एका घरातनं तीन नंबर आले, पॉइंट मिळाले आणि दोघींनी दुसऱ्याच दिवशी फी परत मागितली. आता नवीन आलेलीचा तिसरा धडा पास झाला की आणणारीला ५० आणि नवीनला ५०. त्यामुळं एक चांगलं झालं, आणणारी स्वतःच मागं लागून तिचा होमवर्क करून घेते.

रोज सलग काम केलं तर जादा पॉइंट, हा प्रकार आम्ही बंद केला. नवरात्रात, जोतिबाच्या यात्रेत, लग्नसराईत, घरात कुणी आजारी पडलं तर बाईला मशीनवर बसायला मिळत नाही, आणि २० दिवसांची साखळी तुटली की ती कोर्सच सोडते. आता आठवड्याला एक काम, आणि प्रत्येकीला ३ आठवड्यांची सुट्टी आधीच जमा. तसंच कोण पहिली कोण शेवटची ही यादी पण ग्रुपवर लावत नाही. दोन महिने लावली होती, वरच्या चौघी खूश होत्या आणि खालच्या बाकीच्या गप्प झाल्या.

मुदत संपायच्या ३० दिवस आधी आणि ७ दिवस आधी मेसेज करा, आणि खरी तारीखच सांगा. "फक्त आजच, शेवटची संधी" असं खोटं लिहून घाई लावणं हे केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (ऑनलाइन गिऱ्हाइकाला चकवायच्या युक्त्यांच्या) नियमावलीत फसवणुकीचा प्रकार म्हणून दिलेलं आहे. आणि नियम बदलायचा झाला तर नवीन बॅचपासनं बदला, जुन्यांनी कमावलेल्या पॉइंटची किंमत मधेच कमी करू नका. एकदा तसं केलं तर पुढं तुमच्या कुठल्याच स्कीमवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

सुरुवात एका बॅचवर करा, १०-१५ जणी, २ महिने. शेवटी तीनच आकडे बघा: किती जणींनी शेवटचं काम दाखवलं, किती जणींनी पॉइंट वापरून पुढचा कोर्स घेतला, आणि तुमच्यावर किती पॉइंटची उधारी उरली. आमच्या दुसऱ्या वेळच्या बॅचला १४ पैकी ९ जणींनी अस्तराचा ब्लाऊज पूर्ण करून दाखवला. गडहिंग्लजच्या एका ताईंनी तर अंगात घालूनच फोटो पाठवला, मुंढा एकदम बसलेला, आणि खाली लिहिलं होतं, "कटोरीला माझे पॉइंट लावा."