सेन्सर नावाने नको, प्रकाराने शोधा

रॅकमध्ये दोन-तीन कंपन्यांचे, वेगवेगळ्या पिढ्यांचे सर्व्हर असले की 'आत शिरणारी हवा किती गरम आहे' हा साधा प्रश्नही अवघड होतो. डेलवर तो सेन्सर 'इनलेट टेंप', तर एचपीईवर '०१-इनलेट अँबियंट'. म्हणून आउटपुटमध्ये ठरावीक नाव शोधून (ग्रेप करून) आकडा उचलणारी स्क्रिप्ट मी कुणालाच सुचवत नाही. नवं मॉडेल आलं की ती गप्प बसते आणि ग्राफ रिकामा राहिल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

लिनक्सवर मी सुरुवात 'आयपीएमआयटूल एसडीआर टाइप टेंपरेचर' या कमांडने करते. आयपीएमआय हे सर्व्हरवर देखरेख ठेवण्याचं स्टँडर्ड; त्याची उत्तरं बीएमसी, म्हणजे मदरबोर्डवरची देखरेखीची वेगळी चिप, देते. नाव काहीही असो, प्रकार ठरलेला असतो. आउटपुटमधला चौथा रकाना एंटिटीचा, म्हणजे सेन्सर कोणत्या भागाचा आहे त्याचा: ३ म्हणजे प्रोसेसर, ७ म्हणजे मदरबोर्ड, १० म्हणजे पॉवर सप्लाय. त्यावरही डोळे झाकून विसंबू नका. आयपीएमआयच्या स्पेसिफिकेशनमध्ये एअर इनलेटसाठी ५५ हा वेगळा क्रमांक आहे, तरी डेलचा इनलेट ७.१, म्हणजे मदरबोर्डचा, म्हणून दिसतो. त्यामुळे प्रत्येक मॉडेलसाठी एक छोटा तक्ता ठेवाच: मॉडेल, सेन्सरचं मूळ नाव, आपण ठरवलेलं नाव. मॉडेल 'डीएमआयडीकोड' या कमांडमधून मिळतं. कमांडला डिव्हाइसच सापडलं नाही, तर 'आयपीएमआय_एसआय' आणि 'आयपीएमआय_डेव्हइंटएफ' ही कर्नल मॉड्यूल लोड करा.

बीएमसी नसलेल्या मशीनवर सिसएफएसमधलं (कर्नल हार्डवेअरची माहिती जिथे फाइलींच्या रूपात दाखवतो तिथलं) 'एचडब्ल्यूमॉन' वाचायचं; त्यात प्रत्येक सेन्सर चिपचं एक क्रमांकाचं फोल्डर असतं. इथे लोक हमखास अडकतात, कारण एचडब्ल्यूमॉन२ रीबूटनंतर एचडब्ल्यूमॉन३ होऊ शकतो. क्रमांक स्क्रिप्टमध्ये कधीच लिहू नका; प्रत्येक फोल्डरमधली 'नेम' फाइल वाचा आणि इंटेलसाठी 'कोअरटेंप', एएमडीसाठी 'के१०टेंप' शोधा. आकडा मिलिअंशांत येतो, म्हणजे ४५००० हे ४५ अंश. जुन्या कर्नलवर याच फाइल्स आतल्या 'डिव्हाइस' फोल्डरमध्ये सापडतात, म्हणून दोन्ही जागा तपासा. साटा डिस्कचं तापमान इथे हवं असेल तर 'ड्राइव्हटेंप' हा ड्रायव्हर लागतो आणि तो कर्नल ५.६ पासून आहे.

नव्या सर्व्हरवर रेडफिश, म्हणजे बीएमसीला वेबवरून प्रश्न विचारायची नवी पद्धत, मला सगळ्यात आवडतं. उत्तर जेसन या फॉरमॅटमध्ये येतं आणि 'फिजिकलकॉन्टेक्स्ट' या फील्डमध्ये 'इनटेक' (आत येणारी हवा) असं लिहिलेलं असलं की नावाचा प्रश्नच मिटतो. फक्त चॅसिसचा (सर्व्हरच्या पेटीचा) आयडी गृहीत धरू नका: कुठे तो नुसता '१', तर डेलवर 'सिस्टम.एम्बेडेड.१'. चॅसिसच्या यादीपासून लिंक धरत खाली जा. जुन्या फर्मवेअरवर 'थर्मल' मिळेल, नव्यावर 'थर्मलसबसिस्टम'. आधी नवं विचारा, नसेल तर जुनं.

शेवटी एक आग्रह. 'एनएस' किंवा 'नो रीडिंग' आलं तर तिथे शून्य भरू नका. दुसरा प्रोसेसर बसवलेलाच नसेल, तर त्याचा सेन्सर असंच उत्तर देतो. शून्य भरलं की सरासरी खाली येते आणि तापलेला सर्व्हर थंड दिसतो. तिथे नल, म्हणजे 'आकडा नाही', असं लिहा. काल आकडा देणारा सेन्सर आज नल देत असेल, तर त्यासाठी वेगळा अलर्ट लावा.