मीडिया कंपनीच्या सोशल डेस्कवर काम करायचंय? आधी हे वाचा

२०१६ मध्ये मी सोशल डेस्कवर, म्हणजे कंपनीची सोशल मीडियाची पेजेस सांभाळणाऱ्या टीममध्ये, पहिल्यांदा बसले तेव्हा मला वाटलेलं की काम अगदी सरळ आहे, बातमी तयार होऊन येते, तिची लिंक उचलायची, वर दोन ओळी लिहायच्या आणि फेसबुक-ट्विटरवर टाकून द्यायची. पहिले काही महिने मी खरंच तेवढंच केलं आणि कोणी काही बोललंही नाही, कारण तेव्हा लिंक टाकली की लोक यायचे. आता जी नवीन मुलं-मुली या कामात येतायत त्यांच्याशी बोलताना जाणवतं की बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून तेच चित्र आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी एक फरक डोक्यात पक्का करा. काही पोस्ट वाचकाला आपल्या साइटवर किंवा ॲपवर आणायला असतात आणि काही पोस्ट तिथल्या तिथेच बघून संपवायला असतात, म्हणजे रील, शॉर्ट, स्लाइड्सची पोस्ट वगैरे. दोन्हीचं गणित वेगळं आहे. साइटवर माणूस आला तर कंपनीला जाहिरात दिसल्याचे पैसे मिळतात, सबस्क्रिप्शन विकायची संधी मिळते. यूट्यूबवर लांब व्हिडिओ चालला तर जाहिरातीच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा चॅनेलला मिळतो, शॉर्ट्ससाठी २०२३ पासून ४५ टक्क्यांचा हिशोब आहे आणि तोही सगळ्यांच्या एकत्र गोळा झालेल्या रकमेतून. उलट इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिंक टाकलीत तर ती क्लिकच होत नाही, स्टोरीमध्ये लिंकचा स्टिकर सगळ्यांना मिळाला तो २०२१ च्या शेवटी. त्यामुळे कुठलीही गोष्ट बनवायला घेण्याआधी सीनियरला बिनधास्त विचारा की ही पोस्ट नेमकी कशासाठी आहे, क्लिकसाठी, पैशासाठी की फक्त लोकांना आपलं नाव लक्षात राहावं म्हणून. तिन्ही कारणं योग्य आहेत पण उत्तर माहीत नसताना केलेलं काम फुकट जातं, हे मी स्वतः बघितलंय.

आता माझ्याकडून झालेली एक चूक सांगते, कारण त्यातून मी जेवढं शिकले तेवढं कुठल्याच ट्रेनिंगमधून शिकले नाही. एका मोठ्या अपघाताची बातमी होती, सुरुवातीला मृतांचा जो आकडा आला तो हेडिंगमध्ये गेला, मी लिंक शेअर केली. तासाभराने आकडा चुकीचा असल्याचं कळलं, खरा आकडा कमी होता. बातम्यांच्या डेस्कने साइटवरचं हेडिंग लगेच बदललं, मी पोस्टवर लिहिलेल्या ओळी बदलल्या आणि पुढच्या कामाला लागले. रात्री घरी निघताना सहज फोनवर बघितलं तर लिंकखाली जो चौकोन दिसतो, फोटो आणि हेडिंगचा, त्यात जुनाच आकडा होता! चार-पाच तास हजारो लोकांनी तोच वाचलेला, त्यातल्या बहुतेकांनी लिंक उघडलीही नव्हती. ज्यांची माणसं त्या ठिकाणी होती त्यांनी तो आकडा वाचून काय भोगलं असेल हा विचार आजही मनातून जात नाही.

झालं असं होतं की तो चौकोन पेजच्या कोडमधल्या ओपन ग्राफ टॅगमधून, म्हणजे शेअर करताना कुठलं हेडिंग आणि फोटो दाखवायचा हे सांगणाऱ्या ओळींमधून, बनतो (फेसबुकने ही पद्धत २०१० मध्ये आणली आणि आता जवळपास सगळेच ती वापरतात), आणि एकदा बनला की प्लॅटफॉर्म तो आपल्याकडे साठवून ठेवतो. साइटवर हेडिंग बदललं तरी साठवलेली कॉपी आपोआप लगेच बदलेलच असं नाही. शिवाय बऱ्याच साइट्सवर पेजचं हेडिंग आणि सोशलचं हेडिंग या दोन वेगळ्या जागा असतात, एक बदललं की दुसरं बदलतं असं नाही, आमच्याकडे नेमकं हेही झालेलं. फेसबुकचं शेअरिंग डीबगर नावाचं टूल आहे, लिंक्डइनचं पोस्ट इन्स्पेक्टर आहे, त्यात लिंक टाकून माहिती नव्याने ओढायला लावता येते. पण व्हॉट्सॲपवर एकदा गेलेल्या मेसेजमधला चौकोन मागे घेता येत नाही, तो पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होऊन मेसेजसोबतच जातो. म्हणून तेव्हापासून माझा नियम आहे, दुरुस्ती झाली की आधी सोशलचं हेडिंग, मग डीबगर, मग स्वतःच्या फोनवर उघडून बघायचं, आणि चूक गंभीर असेल तर दुरुस्ती झाल्याची वेगळी पोस्ट टाकायची. आणि जे आकडे अजून पक्के नाहीत ते सोशलच्या हेडिंगमध्ये घ्यायचेच नाहीत, कितीही घाई असू दे.

दुसरी गोष्ट, प्लॅटफॉर्मच्या भरवशावर सगळं सोडायचं नाही. हे ऐकायला गुळगुळीत वाटतं पण ज्यांनी २०१८ चा जानेवारी डेस्कवर काढलाय त्यांना विचारा. त्या महिन्यात फेसबुकने जाहीर केलं की फीडमध्ये मित्र आणि घरच्यांच्या पोस्ट जास्त दिसतील, पेजच्या कमी. पुढच्याच महिन्यात लिटलथिंग्ज नावाची अमेरिकन साइट बंद झाली, त्यांचा बराचसा वाचक फेसबुकवरूनच यायचा. त्याआधी २०१५ मध्ये इन्स्टंट आर्टिकल्स आलेले, म्हणजे बातमी फेसबुकच्या आतच पटकन उघडायची, न्यूयॉर्क टाइम्स, गार्डियन, बीबीसी असे मोठमोठे लोक त्यात गेलेले, तेही २०२३ मध्ये बंद झालं. त्याच २०२३ च्या ऑगस्टमध्ये कॅनडात बातम्यांच्या मोबदल्याच्या कायद्यावरून मेटाने, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीने, तिथल्या युजर्सना फेसबुक-इन्स्टाग्रामवर बातम्याच दाखवणं बंद केलं. कुठली पोस्ट कुठे पसरतेय हे बघायला आम्ही मेटाचं जे क्राउडटँगल नावाचं टूल रोज उघडायचो ते ऑगस्ट २०२४ मध्ये गेलं. म्हणून डेस्कवर न्यूजलेटर, ॲपचं नोटिफिकेशन, व्हॉट्सॲप चॅनेल असं कंटाळवाणं वाटणारं काम तुमच्याकडे आलं तर नाक मुरडू नका. त्यातही न्यूजलेटरची ईमेल यादी कंपनीच्या स्वतःच्या हातात राहते, चॅनेलचे फॉलोअर उद्या दुसरीकडे घेऊन जाता येत नाहीत.

आकड्यांबद्दल. नवीन माणूस व्ह्यूज बघून खूश होतो, मीही व्हायचे. पण व्ह्यू म्हणजे काय हे प्रत्येक ठिकाणी वेगळं ठरतं आणि ते बदलतंही. २०१६ मध्ये फेसबुकने मान्य केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ बघितला जातो तो आकडा दोन वर्षं फुगलेला दिसत होता, कारण तीन सेकंदांपेक्षा कमी बघणारे हिशोबात धरलेच नव्हते. त्या काळात किती कंपन्यांनी लिहिणारे लोक कमी करून व्हिडिओ टीम उभ्या केल्या, आणि नंतर त्याही बंद केल्या. यूट्यूबने मार्च २०२५ च्या शेवटापासून शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू मोजायला सुरुवात केली, त्यामुळे त्याच्या आधीचा आणि नंतरचा महिना रिपोर्टमध्ये शेजारी ठेवून वाढ झाली म्हणून सांगितलंत तर ती दिशाभूलच आहे. मी स्वतः बघते ते असं, किती टक्के लोक शेवटपर्यंत थांबले, किती जणांनी सेव्ह केलं किंवा कोणाला पाठवलं, आणि साइटवर आलेला माणूस परत आला का.

लिंकला यूटीएम, म्हणजे वाचक कुठून आला हे कळावं म्हणून पत्त्याच्या शेवटी जोडायची खूण, लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या आणि नावं सगळ्या टीमने एकसारखी लिहा, एकाने एफबी आणि दुसऱ्याने फेसबुक लिहिलं की रिपोर्टमध्ये दोन वेगळ्या ओळी येतात आणि महिन्याच्या शेवटी कोणीतरी हाताने जोडत बसतं. शिवाय लोक चॅटमध्ये एकमेकांना जी लिंक पाठवतात ती बऱ्याचदा डायरेक्ट म्हणून नोंदली जाते, म्हणजे साइटच्या आतल्या पानावरच्या एखाद्या बातमीवर अचानक खूप डायरेक्ट ट्रॅफिक दिसलं तर समजायचं की ती कुठल्यातरी ग्रुप्समध्ये फिरतेय. कारण एवढा लांबलचक पत्ता हाताने टाइप करून कोणी येत नाही.

व्हिडिओच्या टेक्निकल बाजूवर फार लिहीत नाही, हात बसला की येतं. उभा ९:१६, सबटायटल हवेतच कारण खूप लोक आवाज बंद ठेवून बघतात, आणि खालच्या भागात महत्त्वाचा मजकूर ठेवायचा नाही, तिथे कॅप्शन आणि बटणं येतात. पण हक्कांचं मात्र नीट बघा. वृत्तसंस्थेचं फुटेज साइटवर लावायची परवानगी आहे म्हणजे सोशलवर पण आहे असं नसतं, करार वाचावा लागतो. आणि घटनास्थळी असलेल्या माणसाचा व्हिडिओ घ्यायचा असेल तर आधी तो माणूस सुरक्षित आहे का ते विचारायचं, मग व्हिडिओ त्यानेच काढलाय का, मग परवानगी, आणि ती लेखी. हा क्रम कृपया उलटा करू नका.

कमेंट्सचं काम सगळ्यांना खालचं वाटतं, मला ते अजिबात पटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने सप्टेंबर २०२१ मध्ये निकाल दिला की मीडिया कंपनीच्या फेसबुक पेजवर लोकांनी लिहिलेल्या कमेंट्सची प्रकाशक म्हणून ती कंपनीसुद्धा जबाबदार धरली जाऊ शकते. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे पण संवेदनशील बातमीखाली, विशेषतः लहान मुलं, आत्महत्या किंवा अत्याचाराची बातमी असेल तर, पोस्ट टाकण्याआधीच कमेंट बंद ठेवायच्या का हे ठरवा. पीडित व्यक्तीचं नाव कोणीतरी कमेंटमध्ये लिहून गेलं आणि रात्रभर ते तसंच राहिलं तर सकाळी डिलीट करून उपयोग नसतो.

इंटरव्ह्यूला जाताना फॉलोअर्सचे स्क्रीनशॉट नेऊ नका. एक साधी बातमी घ्या, शक्यतो कंटाळवाणी, म्हणजे एखादा सरकारी नियम बदलला अशी, आणि ती तीन ठिकाणांसाठी तीन प्रकारे करा, एक लिंक पोस्ट, एक चाळीस सेकंदांचा उभा व्हिडिओ आणि एक व्हॉट्सॲप चॅनेलचा मेसेज. प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा की काय गाळलं आणि का गाळलं. मी उमेदवारांच्या मुलाखती घेते तेव्हा आधी त्या दोन ओळीच वाचते.