५/१८ ने गुणायचं की १८/५ ने? एककांच्या रूपांतरात या चुका टाळा

किमी प्रति तासाचे मीटर प्रति सेकंद करायचे तर ५/१८ ने गुणायचं, उलट करायचं तर १८/५ ने. शाळेपासून पाठ असलेला हा नियम नेमका परीक्षेत उलटा आठवतो. ताशी ७२ किमीने जाणारी गाडी मग सेकंदाला २५९.२ मीटर धावू लागते. हा वेग ताशी ९३३ किमी होतो, म्हणजे प्रवासी जेट विमानाचा. पण आकडा दशांश चिन्हासकट नीटनेटका आलेला असतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही आणि गडी पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

पाठांतर वाईट नाही. अडचण अशी की ५/१८ हा अपूर्णांक एककांशिवाय पाठ केलेला असतो, त्यामुळे तो सुलट आहे की उलट हे त्याच्याकडे बघून कळायची सोय नसते. त्याच्या पोटात काय आहे ते एकदा उलगडून लिहा:

७२ किमी/तास × (१००० मी / १ किमी) × (१ तास / ३६०० से) = २० मी/से

किमी एकदा वर आला, एकदा खाली आला, उडाला. तासाचंही तेच. शिल्लक राहिलं मी/से, आणि हवं होतं तेच. दोन्ही कंसांची किंमत १ आहे, कारण १००० मीटर आणि १ किमी ही एकच लांबी. १ ने गुणल्यावर वेग बदलत नाही, तो सांगायची भाषा तेवढी बदलते.

आता मुद्दाम पहिला कंस उलटा लावून बघा. उत्तराचं एकक किमी²/(मी·से) असं काहीतरी विचित्र येईल. असं एकक दिसलं की समजायचं, गुणक पालथा पडलाय. आकडेमोड करायच्या आधीच चूक सापडते, हाच या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा. मात्र त्यासाठी एकक प्रत्येक पायरीला आकड्यासोबत लिहायला हवं. ‘शेवटी लिहू’ म्हणून बाजूला ठेवलेलं एकक काहीच पकडून देत नाही. शेवटी आपण तेच लिहितो जे प्रश्नात विचारलंय, मग उत्तर काहीही येवो.

वर्ग आणि घन विसरणं

१ मीटर म्हणजे १०० सेंमी हे सगळ्यांना येतं. १ चौरस मीटर म्हणजे किती चौरस सेंमी, असं अचानक विचारलं की निम्मा वर्ग पुन्हा १०० म्हणतो. (१०० सेंमी / १ मी) हा कंस दोनदा लावायचा असतो, कारण मीटर दोनदा उडवायचा आहे. म्हणून १०,०००. घनमीटरला तीनदा, म्हणून १० लाख.

हा प्रश्न वहीपुरताच आहे असं कोणाला वाटत असेल तर घराची कागदपत्रं काढून बघावीत. महारेराच्या नोंदीत कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये असतो आणि आपण बोलतो चौरस फुटांत. ६० चौरस मीटरला ३.२८ ने गुणलं तर १९७ चौरस फूट येतात, म्हणजे दोन खोल्यासुद्धा धड बसायच्या नाहीत. ३.२८ चा वर्ग घेतला की गुणक १०.७६ होतो आणि उत्तर ६४६ च्या आसपास येतं.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेलं असतं आणि व्यवहार गुंठ्यात बोलला जातो. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ आहेत की ४० आर म्हणजे सरळ एक एकर धरला जातो. पण ४० आर म्हणजे ४३,०५६ चौरस फूट आणि एकर ४३,५६० चौरस फुटांचा. फरक ५०४ चौरस फुटांचा, अर्ध्या गुंठ्याला थोडा कमी. शहरालगतच्या जमिनीचा आजचा भाव बघता हा फरक सोडून द्यावा असा नक्कीच नाही.

सगळ्यात गमतीदार एकक आहे ब्रास. वाळू, खडी, मुरूम यांचा ब्रास १०० घनफुटांचा. फरशी किंवा प्लास्टरच्या कामात ठेकेदार ब्रास म्हणतो तेव्हा तो १०० चौरस फूट मोजत असतो. नाव एकच, पण एकाची मिती लांबीचा घन आणि दुसऱ्याची लांबीचा वर्ग. या दोघांची आपसात बेरीज, वजाबाकी, तुलना काहीच होऊ शकत नाही. एका ब्रासातून दुसऱ्यात जायचं तर मध्ये जाडी हवी.

समजा २० फूट × १० फुटांच्या खोलीत ६ इंच मुरूम भरायचा आहे. घाईत २० × १० × ६ = १२०० केलं, शंभराने भागलं आणि १२ ब्रास सांगून मोकळे झालो. एककं लिहिली तर १२०० च्या पुढे फूट·फूट·इंच येतं, आणि ब्रासला तर घनफूट लागतात. म्हणजे (१ फूट / १२ इंच) हा कंस राहिलाय. तो लावला की १०० घनफूट, म्हणजे एकच ब्रास. बाकीचे अकरा ब्रास गाडीवाला खुशीने आणून टाकेल, पण ठेवणार कुठे?

क्युसेक आणि टीएमसी एकाच तागडीत

पावसाळ्यात वर्तमानपत्रात एका बातमीत दोन आकडे असतात. धरणात इतके टीएमसी पाणी आणि विसर्ग इतके क्युसेक. हे दोन आकडे परस्पर ताडून ‘५०,००० क्युसेक म्हणजे अख्खं धरण रिकामं केलं’ असं बोलणारे कट्ट्यावर भेटतात. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, ते आकारमान आहे. क्युसेक म्हणजे घनफूट प्रति सेकंद, तो दर आहे. दराला काळाने गुणलं तरच आकारमान मिळतं:

५०,००० घनफूट/से × (८६,४०० से / १ दिवस) × १ दिवस = ४३२ कोटी घनफूट = ४.३२ टीएमसी

उलट बाजूने, दिवसभरात १ टीएमसी सोडायचा तर सुमारे ११,५७४ क्युसेक विसर्ग सलग २४ तास ठेवावा लागतो. कोयनेची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे. तेव्हा ५०,००० क्युसेकने, वरून थेंबही आला नाही असं धरलं, तरी ती रिकामी व्हायला चोवीस दिवसांहून जास्त लागतील. जलसंपदा खात्याच्या तक्त्यात हाच आकडा दलघमीत दिसतो, म्हणजे दशलक्ष घनमीटर. फूट ०.३०४८ मीटरचा, त्याचा घन ०.०२८३१७. म्हणून १ टीएमसी म्हणजे २८.३१७ दलघमी आणि कोयना भरते सुमारे २,९८० दलघमीला. इथेही घन घ्यायला विसरलात तर धरण जवळजवळ अकरा पट फुगेल.

लिटरमधून किलो वजा करणं

आकारमानातून वस्तुमानात जायला साध्या रूपांतर गुणकाने भागत नाही, घनता लागते. आणि घनतेलाही एकक असतं. ते न लिहिल्याने काय होतं, याचं उदाहरण २३ जुलै १९८३ चं आहे. एअर कॅनडाचं नवं कोरं बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. इंधन दाखवणारी यंत्रणा बंद होती, म्हणून टाकीत पट्टी घालून मोजलं तर ७,६८२ लिटर भरलं. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. देश नुकता मेट्रिककडे वळत होता. जुन्या सवयीने जो गुणक वापरला गेला तो १.७७ होता.

७,६८२ × १.७७ = १३,५९७. २२,३०० मधून ते वजा, उरले ८,७०३. पुन्हा १.७७ ने भागलं, आणखी सुमारे ४,९१७ लिटर भरायचं ठरलं.

आकडेमोडीत एकही चूक नाही. आता तीच ओळ एककांसकट वाचा. १.७७ हा पौंड/लिटर होता, म्हणून गुणाकार १३,५९७ पौंड. आणि पुढची पायरी २२,३०० किलो वजा १३,५९७ पौंड. इथे पेन थांबलाच असता. ०.८ किलो/लिटर ही घनता घेतली तर आणखी २०,००० लिटरच्या आसपास इंधन लागत होतं, भरलं त्याच्या एक चतुर्थांश. विमान सुमारे ४१,००० फुटांवर असताना इंधन संपलं. वैमानिकांनी ते तरंगत आणून गिमली इथल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. ६९ जण होते, सगळे वाचले.

मंगळाकडे गेलेलं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ एवढं नशीबवान नव्हतं. एका संगणक प्रणालीने आवेग पौंड-बल·सेकंदात दिला, दुसरीने तो न्यूटन·सेकंद समजून वाचला. ४.४५ पटींचा फरक पडला आणि २३ सप्टेंबर १९९९ ला यान हातचं गेलं. एका फाइलमधून दुसरीत गेला तो नुसता आकडा.

तापमानाला त्रैराशिक लावणं

त्रैराशिक चालतं ते दोन्ही मोजपट्ट्यांचं शून्य एकाच जागी असतं तिथेच. मीटरचं शून्य आणि फुटाचं शून्य एकच आहे. सेल्सिअस आणि फॅरेनहाइटचं नाही, म्हणून रूपांतराच्या सूत्रात तो ३२ येतो. पण तो कधी येतो आणि कधी नाही, यात गोंधळ उडतो. ताप २ अंश फॅरेनहाइटने वाढला तर सेल्सिअसमध्ये किती वाढला? (२ − ३२) × ५/९ केलं की उणे १६.७ येतं, आणि रुग्ण तापाने फणफणत असताना कागदावर गोठतो. वाढ किंवा फरक विचारला असेल तर ३२ ला हात लावायचा नाही. नुसतं ५/९ ने गुणायचं, उत्तर १.१ अंश.

रसायनशास्त्रात याचंच दुसरं रूप दिसतं. वायू २७ वरून ५४ अंश सेल्सिअसला तापवला, तापमान दुप्पट झालं, म्हणून आकारमानही दुप्पट! केल्व्हिनमध्ये ते ३०० वरून ३२७ झालंय, म्हणजे दाब स्थिर असताना आकारमान फक्त ९ टक्क्यांनी वाढेल. आदर्श वायूच्या समीकरणातला (PV = nRT) वायू स्थिरांक R ८.३१४ घ्यायचा की ०.०८२१, हे पाठ करू नका. पहिल्याचं एकक जूल/(मोल·केल्व्हिन), दुसऱ्याचं लिटर·ॲटमॉस्फिअर/(मोल·केल्व्हिन). दाब आणि आकारमान कशात दिलंय ते बघितलं की निवड आपोआप होते.

मितींच्या सूत्रात वरचं खाली

अकरावीत नवीन एकक पद्धती देऊन ‘१ जूल म्हणजे त्या पद्धतीत किती’ असा प्रश्न हमखास असतो. वस्तुमानाचं एकक १० किलो, लांबीचं १० मीटर, काळाचं १ मिनिट. जूलची मिती वस्तुमान × लांबी² ÷ काळ². नियम एवढाच: जुनं एकक वर, नवं खाली, आणि प्रत्येकाला त्याचा घातांक.

(१/१०) × (१/१०)² × (१/६०)⁻² = ३६००/१००० = ३.६

चूक होते ती शेवटच्या कंसात. उणे घातांक दिसला की पुष्कळजण घाईने ६० आधीच वर घेतात आणि वर उणे दोन तसाच ठेवतात. मग ३६०० खाली जातो आणि उत्तर सव्वा कोटीहून जास्त पटींनी चुकतं. सरावाला १ जूल = १०⁷ अर्ग बरं आहे, पण त्यात सेकंद दोन्हीकडे सारखा असल्याने नेमकी हीच चूक लपून राहते. म्हणून काळाचं एकक बदलणारी गणितं शोधून सोडवा.

जिथे ही पद्धत काहीच बोलत नाही

एकक जुळलं म्हणजे उत्तर बरोबर, असं मानणं हीसुद्धा चूकच. गतिज ऊर्जेतला १/२ किंवा लंबकाच्या सूत्रातला २π गाळलात तरी मिती बिनबोभाट जुळतात. बलाचं आघूर्ण आणि ऊर्जा या दोन्हींची मिती एकच, राशी मात्र वेगळ्या. कोनाला मितीच नसते, त्यामुळे कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे की रेडियनवर हे कुठलंही मितीय विश्लेषण सांगणार नाही. पंखा मिनिटाला ३०० फेरे घेतो तेव्हा (२π रेडियन / १ फेरा) हा कंस आठवणीने घालावा लागतो. तो घातला तर ३१.४ रेडियन/से, विसरला तर नुसतं ५.

काही चुका चिन्हांच्या असतात. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला १०० एमबी उतरत नाही, १२.५ उतरतं, कारण वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइल बाइटमध्ये. वीजबिलातलं युनिट किलोवॅट-तास असतं, किलोवॅट नाही. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपट अंतर आहे. गाडीचा लिटरला २० किमीचा ॲव्हरेज परदेशी पद्धतीने १०० किमीला ५ लिटर होतो. हे व्यस्त नातं आहे, इथे एका ठरावीक संख्येने गुणून चालत नाही.

राहिलं पूर्णांकात आणणं. ते मधल्या पायऱ्यांवर करू नका. नर्सिंगच्या पेपरातलं नेहमीचं गणित घ्या: ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचंय, सेट २० थेंब प्रति मिलीचा आहे.

(५०० मिली / ४ तास) × (१ तास / ६० मिनिटं) × (२० थेंब / १ मिली) = ४१.६७ थेंब/मिनिट

पहिल्या दोन कंसांचं २.०८३ मिली/मिनिट येतं. तिथेच ‘२ धरू’ म्हटलं तर शेवटी ४० थेंब होतात आणि बाटली चार तासांऐवजी चार तास दहा मिनिटं चालते. सगळं एका ओळीत मांडून शेवटी एकदाच पूर्णांकात आणलं तर ४२ येतात.