हुरडा चालत नाही, डहाळे चालतात

पुण्याच्या भाचीनं 'रॉ व्हेगन', म्हणजे प्राण्यांपासूनचं काही न घेता सगळं कच्चंच खायचं, हे खूळ माझ्या डोक्यात घातलं. दूध, दही, तूप, मध बंद आणि चुलीवर चढलेलं काहीच नाही. फार तर 45 अंशांपर्यंत कोमट. मी म्हटलं, बाई, आमच्या लातुरात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच तेवढं तापतं!

तिची यादी ॲव्होकॅडो आणि ब्लूबेरीची होती. ती मी बाजूला ठेवली. तुम्हाला करायचंच असेल तर थंडीत सुरू करा, तेव्हा रान भरलेलं असतं.

माझं रोजचं दुपारचं जेवण म्हणजे घोळाणा. मेथी किंवा करडईचा अगदी कोवळा पाला (काटे धरले की तो तोंडात घालवत नाही) आणि कांद्याची पात. धुऊन फडक्यावर पसरा, पूर्ण कोरडं झाल्यावरच बारीक चिरा. घरातला कूट भाजलेल्या दाण्यांचा असतो, तो इथं नको. कच्चे दाणे रात्री भिजवा, सकाळी पंच्यानं चोळून उन्हात तासभर ठेवा आणि खलबत्त्यात ओबडधोबड कुटा. हिरवी मिरची ठेचून घाला, लिंबू पिळा, वरून घाण्याचं करडईचं तेल. मीठ अगदी शेवटी, ताटावर बसल्यावर. पहिल्या दिवशी मी ते आधी घातलं आणि अर्ध्या तासात परातीत नुसता लगदा. भाकरीविना हात मोकळा वाटतो, म्हणून मी कोबीच्या पानात गुंडाळून खाते.

मटकी आणि मूग रात्रभर भिजवून फडक्यात बांधा. थंडीत मोडाला दोन दिवस लागतात, उन्हाळ्यात एका रात्रीत येतात आणि तितक्याच लवकर आंबतातही. बुळबुळीत लागली, वास आला की सरळ फेका. दुधाच्या जागी तीळ चार तास भिजवून वाटा, गाळा, त्यात दोन खजूर. गूळ नाही, कारण तो काहिलीत उकळूनच होतो. कवठात गूळ घालता येत नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

फळांचं सांगायला नको: जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, पुढं केसर आंबा. हरभऱ्याचे घाटे सोलून खा, पण मूठभरच. पोट फुगतं.

आपल्याकडं सोयाबीन पोत्यानं असलं तरी कच्चं खाऊ नका, राजमाही नाही. बी-12 या खाण्यातून मिळत नाही, त्याची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करा. पोराबाळांना, गरोदर बाईला हा प्रयोग करायला लावू नका.

हुरडा आगटीत भाजतात, म्हणून तो बाद. सगळे हुरडा चोळत बसतात आणि मी शेजारी हरभऱ्याचे डहाळे सोलते. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, मात्र रानात शिजवलेल्या भाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील पोटभर खाते. भाचीला सांगत नाही.