आधी युनिट, मग परिषद: पुण्यातून रिफायनिंगमध्ये शिरणाऱ्यांसाठी

पुण्यात रिफायनरी नाही. सगळ्यात जवळच्या दोन मुंबईत, चेंबूरजवळ माहूलला आहेत. तरीही या धंद्याचं बरंच काम पुण्यात चालतं. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, झिओलाइट कॅटॅलिस्टवर (उत्प्रेरकांवर) काही दशकांचं काम झालेलं आहे. बॉयलर आणि हीटरसाठी थरमॅक्स आहे, इथेनॉलसाठी प्राज आहे, आणि डिझाइन-सिम्युलेशन करणारी इंजिनिअरिंग ऑफिसं गावभर पसरलेली आहेत. अशा ऑफिसात किंवा लॅबमध्ये नव्यानं लागलेल्या माणसाची अडचण एकच असते. कॉलमचा, म्हणजे उभ्या ऊर्ध्वपातन-मनोऱ्याचा, आवाज, शटडाउनची धावपळ, कंट्रोल रूममधली वादावादी यातलं काहीच त्याच्या कानावर पडत नाही. ती उणीव ज्या थोड्या जागी भरून निघते त्यांतली एक म्हणजे तांत्रिक परिषद. म्हणून ती निवडताना थोडा वेळ घालवायला हवा.

पहिली चूक जवळजवळ सगळ्यांची होते. 'पेट्रोलियम कॉन्फरन्स' असं शोधलं की समोर येतं ते बहुतेक विहिरी, जलाशय आणि ड्रिलिंगबद्दलचं. पेट्रोलियम इंजिनिअर्सची मोठी संस्था, एसपीई, मुख्यतः उत्खनन आणि उत्पादन या बाजूची आहे, आणि वनपेट्रो नावाचा तिचा लेखसंग्रहही बहुतांशी त्याच बाजूचा. पुण्यात पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांचा अभ्यासक्रम बराचसा तिकडेच झुकलेला असतो, त्यामुळे कॉलेजातले सीनियर सल्ला देतात तोही त्या जगातला. रिफायनिंग म्हणजे क्रूड (कच्चं तेल) आत आल्यानंतरचा सगळा कारभार. त्याचं तांत्रिक घर केमिकल इंजिनिअरिंग, कॅटॅलिसिस आणि धातू-गंज या तीन विषयांत विभागलेलं आहे. शोधाची सुरुवात तिथून करायची.

आणि शोधाचा शब्द 'रिफायनिंग' हाही नको. तो फार मोठा आहे. आपला प्रश्न कुठल्या युनिटमधला आहे ते आधी एका ओळीत लिहून काढा. उदाहरण घेऊ: क्रूड कॉलमच्या ओव्हरहेड एक्स्चेंजरच्या (माथ्यावरची वाफ थंड करणाऱ्या उपकरणाच्या) ट्यूब वारंवार गळतात. हे का होतं? डिसॉल्टरमधून, म्हणजे क्रूडमधलं मीठ धुऊन काढणाऱ्या टाकीतून, सुटलेलं मीठ पुढे जातं. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड साधारण १२० अंश सेल्सिअसच्या पुढे पाण्याशी अभिक्रिया होऊन फुटू लागतं, कॅल्शियम क्लोराइड दोनशेच्या थोडं वर, आणि सोडियम क्लोराइड बरंचसं तसंच राहतं. सुटलेला हायड्रोजन क्लोराइड वायू वरच्या बाजूला जातो आणि जिथे पाण्याचा पहिला थेंब बनतो तिथे आम्ल होऊन धातू खातो. त्याला शमवायला अमाइन जास्त किंवा चुकीचं घातलं, की अमाइन क्लोराइडचे क्षार ट्यूबवर बसतात आणि त्यांच्याखाली वेगळाच गंज सुरू होतो. डिसॉल्टरनंतर मीठ एक पीटीबीच्या (हजार बॅरलमागे एक पौंडाच्या) खाली ठेवायचं असा दंडक आहे, म्हणजे दर घनमीटर क्रूडमागे जेमतेम २.८५ ग्रॅम.

आता बघा, या एका गळतीतून शोधाचे किती धागे निघाले. डिसॉल्टरमधलं इमल्शन (तेल-पाण्याचं मिश्रण) फुटत नाही आणि अॅस्फाल्टीन (क्रूडमधले सगळ्यात जड घटक) त्रास देतात, तर पेट्रोफेज ही परिषद आहे. ती दरवर्षी भरते, तिचा विषयच क्रूडमधल्या प्रावस्था (फेज) आणि फाउलिंग, म्हणजे उपकरणांत थर साचणं, आणि तिथले निवडक निबंध पुढे एनर्जी अँड फ्युएल्स या नियतकालिकात येतात. धातू आणि गंजाची बाजू हवी असेल तर भारतात कॉरकॉन आणि अमेरिकेत एएमपीपीची वार्षिक परिषद. ही एएमपीपी म्हणजे २०२१ मध्ये नेस (गंजाची संस्था) आणि एसएसपीसी (संरक्षक लेपांची संस्था) एकत्र होऊन बनलेली संस्था, म्हणून जुने निबंध शोधताना 'नेस' हाच शब्द टाकावा लागतो. आणि प्लांट चालवणारी माणसं यावर काय करतात हे हवं असेल, तर एएफपीएमची प्रश्नोत्तरं. तीन धागे, तीन वेगळ्या सभा. नुसत्या 'रिफायनिंग' या शब्दावर यांतली एकही नीट हाती लागली नसती.

एएफपीएमबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण नव्या माणसाला तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा क्वचितच होतो. ही अमेरिकेतल्या रिफायनरी आणि पेट्रोकेमिकल कंपन्यांची संघटना. २०१२ पर्यंत तिचं नाव एनपीआरए होतं, तेव्हा जुना मजकूर त्या नावानं शोधा. तिची वार्षिक सभा मार्चच्या सुमारास असते आणि तिथल्या निबंधांना 'एएम', मग वर्ष, मग क्रमांक असा नंबर असतो. एखाद्या लेखाच्या शेवटी असा नंबर दिसला की तोच नंबर जसाच्या तसा शोधात टाकायचा. मूळ निबंध पुष्कळदा लायसन्सर (प्रक्रियेचं तंत्रज्ञान परवान्यानं देणारी कंपनी) किंवा कॅटॅलिस्ट कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट सापडतो. त्याहून मोलाची आहे प्रश्नोत्तरांची परंपरा. रिफायनऱ्यांतून आधी प्रश्न मागवले जातात, मग ऑपरेटर, कॅटॅलिस्टवाले आणि केमिकलवाले असे पॅनेलवर बसून उत्तरं देतात. 'एफसीसीच्या स्लरीत राख वाढली तर आधी काय तपासता?' असा थेट सवाल (एफसीसी म्हणजे जड तेल कॅटॅलिस्टनं तोडणारं युनिट, स्लरी म्हणजे त्यातून तळाला निघणारं जड तेल), आणि त्यावर तीन माणसांची तीन उत्तरं. ती वेगळी असतात याचं कारण तीन प्लांट वेगळे असतात, आणि पाठ्यपुस्तकात नेमकं हेच मिळत नाही. पहिले सहा महिने कुठेही जाऊ नका, आपल्या युनिटची ही प्रश्नोत्तरं वाचा. परिषदेत बसल्यावर चर्चा कुठल्या मुद्द्यावर अडली आहे ते मग कळतं.

सभांचे प्रकार ओळखायला एक सोपी खूण आहे: पैसे कोण भरतं ते बघा. जिथे विद्यार्थी आणि प्राध्यापक फी भरतात, ती संशोधनाची सभा. निबंध तपासला जातो, नावीन्य विचारलं जातं. जिथे रिफायनरीच्या माणसाला सवलत किंवा मोफत प्रवेश आणि विक्रेत्याला पूर्ण फी असते, तिथे विक्रेते ग्राहकांना भेटायला आलेले असतात. युरोपातली ईआरटीसी ही रिफायनिंग तंत्रज्ञानाची परिषद अशा घडणीची आहे. तिथला निबंध म्हणजे बऱ्याचदा स्वतःच्या तंत्रज्ञानाची ओळख असते. तोही ऐकावा, फक्त आकडा कुठल्या फीडवरचा (युनिटमध्ये घातलेल्या कच्च्या मालावरचा) आहे ते विचारावं. जिथे मंत्री आणि कंपन्यांचे अध्यक्ष भाषणं करतात ती धोरणाची सभा. इंडिया एनर्जी वीक २०२३ मध्ये बंगळुरूला, २०२४ मध्ये गोव्याला, २०२५ मध्ये दिल्लीला झाला. तिथे तांत्रिक सत्रंही असतात, पण दोन वर्षांच्या अनुभवाच्या इंजिनिअरनं स्वखर्चानं पहिली परिषद म्हणून ती निवडू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

भारतात रिफायनिंगची खरी तांत्रिक सभा म्हणजे पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीतलं सेंटर फॉर हाय टेक्नॉलॉजी, सीएचटी, तेल कंपन्यांच्या साथीनं भरवतं ती. पूर्वी तिचं नाव रिफायनिंग अँड पेट्रोकेमिकल्स टेक्नॉलॉजी मीट होतं, आता एनर्जी टेक्नॉलॉजी मीट. जुन्या नावानं शोधलं तर मागच्या सभांचे विषय सापडतात, नव्या नावानं पुढची तारीख. जागा बदलत राहते. सरकारी आणि खाजगी रिफायनऱ्यांची टेक्निकल सर्व्हिसेसची मंडळी इथे असतात, आणि पुण्यातल्या डिझाइन ऑफिसमधल्या माणसाला त्यांच्याशी बोलणं हेच हवं असतं.

संशोधनाच्या बाजूला केमकॉन आहे. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनिअर्सची ही वार्षिक परिषद परंपरेनं २७ ते ३० डिसेंबरला भरते. तिचा पसारा मोठा आहे, रिफायनिंगची सत्रं त्यातली थोडीच. कार्यक्रमपत्रिका आल्यावर आपली दोन सत्रं निवडून तिथेच बसायचं. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी त्याच संस्थेची स्केमकॉन आहे आणि पहिला पेपर तिथे वाचणं चांगलं. कॅटॅलिस्टवर काम करणाऱ्यांनी कॅटॅलिसिस सोसायटी ऑफ इंडियाची सिंपोझियम धरावीत. आंतरराष्ट्रीय कॅटॅलिसिस काँग्रेस चार वर्षांनी एकदा येते. अठरावी २०२४ मध्ये लियाँला झाली. अमेरिकेतल्या एआयसीएचई या केमिकल इंजिनिअर्सच्या संस्थेच्या वसंत सभेत रिफायनरी प्रोसेसिंगला वाहिलेलं वेगळं उपसंमेलन असतं आणि प्रक्रिया-सुरक्षेची जागतिक परिषद तिलाच जोडून भरते.

याशिवाय एक दार आहे जे कुठल्याच कॅलेंडरमध्ये दिसत नाही. कॅटॅलिस्ट कंपन्या आणि लायसन्सर आपल्या ग्राहकांसाठी एक-दोन दिवसांचे टेक्निकल सेमिनार घेतात, फी नसते, आमंत्रण मात्र लागतं. तुमची कंपनी ज्या रिफायनरीचं काम करते तिच्या टेक्निकल सर्व्हिसेसमधल्या माणसाला किंवा विक्रेत्याच्या मुंबईतल्या प्रतिनिधीला सरळ विचारा. बऱ्याचदा एखादी खुर्ची रिकामी असते.

विषय निवडताना वाऱ्याची दिशाही बघावी. १ एप्रिल २०२० ला देशभर बीएस-६ इंधन आलं, गंधक १० पीपीएमवर उतरलं, आणि त्याआधीची काही वर्षं प्रत्येक सभेत हायड्रोट्रीटिंगच हायड्रोट्रीटिंग (हायड्रोजननं गंधक काढणं) होतं. आता पेट्रोकेमिकल जोडणी, सहप्रक्रिया (क्रूडच्या मालासोबत जैव तेलंही त्याच युनिटमध्ये चालवणं) आणि विमानाचं जैवइंधन यांना जागा मिळते. यातलं शेवटचं पुण्याच्या अगदी जवळचं आहे: १९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअरएशियाच्या विमानात देशी बनावटीचं मिश्रित जैवइंधन होतं आणि त्यातला जैव भाग प्राजनं बनवला होता. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०२८ मध्ये २ टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठरलेलं असल्यानं या विषयावरचे अॅब्स्ट्रॅक्ट (निबंधांचे सारांश) पुढची काही वर्षं मागवले जातील.

बनावट परिषदांपासून मात्र जपा. हे दुखणं आपल्याकडे वाढलेलं आहे आणि बळी पडतात ती पीएचडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं. अमेरिकेतल्या एका संघीय न्यायालयानं २०१९ मध्ये अशाच एका प्रकाशन-परिषद समूहाला ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश दिला होता. खुणा ठरलेल्या असतात. मेल 'आदरणीय प्रख्यात संशोधक' असं म्हणून सुरू होतं. एकाच हॉटेलात एकाच तारखेला पेट्रोलियम, नर्सिंग आणि नॅनोटेक्नॉलॉजी. अॅब्स्ट्रॅक्ट पाठवल्यावर दोन दिवसांत स्वीकार. नाव एखाद्या नामांकित परिषदेसारखं, फक्त एक शब्द पुढेमागे. तपासायची रीत अशी: समितीतल्या दोन प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल करून विचारा की तुम्ही खरंच या समितीत आहात का. मागच्या तीन वर्षांची प्रोसीडिंग (निबंधसंग्रह) उघडून बघा. 'स्कोपस इंडेक्स्ड', म्हणजे स्कोपस या निबंधसूचीत नोंदलेली, असं लिहिलं असेल तर स्कोपसच्या स्वतःच्या यादीत नाव शोधा. हे तिन्ही करायला तासभर लागतो आणि फी वाचते.

निबंध वाचायला मिळण्याचा प्रश्न पुण्यात संस्थेनुसार बदलतो. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन-नियतकालिकांची सरकारी वर्गणी-योजना १ जानेवारी २०२५ ला सुरू झाली आणि ती सरकारी विद्यापीठं आणि प्रयोगशाळांसाठी आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ किंवा एनसीएलमध्ये असाल तर आधी तिथल्या ग्रंथालयात लॉगिनची चौकशी करा. खाजगी कॉलेजात किंवा कंपनीत असाल तर लेखकालाच मेल करा. दोन ओळी, निबंधाचं नाव, तुमचा प्रश्न. बहुतेक जण पाठवतात.

स्वतः पेपर द्यायचा असेल तर उलटं मोजत या. मोठ्या परिषदांचे अॅब्स्ट्रॅक्ट सहा ते नऊ महिने आधी बंद होतात. त्याआधी कंपनीची परवानगी, आणि ग्राहकाचा डेटा असेल तर ग्राहकाचीही. या दुहेरी परवानगीला दोन महिने धरावेत, कारण फाइल ग्राहकाच्या कायदा विभागात अडकते. परवानगी लवकर मिळावी म्हणून आकडे सापेक्ष द्या: मूळ फीड रेट १०० धरा, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात, क्रूडचं नाव गाळा, एपीआय (तेलाच्या घनतेचं माप) आणि गंधक ठेवा. अॅब्स्ट्रॅक्टमध्ये 'कार्यक्षमतेत लक्षणीय वाढ झाली' हे वाक्य असेल तर परीक्षक ते बाजूला ठेवतो. कुठलं युनिट, काय बदललं, किती दिवस बघितलं, आधी किती आणि नंतर किती, एवढं अडीचशे शब्दांत यायला हवं.

पेटंटचा विचार अॅब्स्ट्रॅक्ट पाठवण्याआधी करायचा असतो, नंतर नाही. छापलेला अॅब्स्ट्रॅक्ट हेसुद्धा जाहीर प्रकटन आहे. भारतीय कायद्यात विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी १२ महिन्यांची मर्यादित सवलत आहे, पण युरोपात तिचा भरवसा धरता येत नाही. तात्पुरता अर्ज, म्हणजे प्रोव्हिजनल, आधी दाखल करा. संपूर्ण अर्जाला त्यानंतर १२ महिने मिळतात. एनसीएलच्या आवारातल्या व्हेंचर सेंटर या नवउद्योग-केंद्रात यासाठी विचारणा करता येते.

खर्चाचं म्हणाल तर देशातल्या परिषदांच्या फीवर बहुधा १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. मंजुरीच्या अर्जात तो धरला नाही की तेवढे पैसे खिशातून जातात. सदस्याची फी आणि बिगरसदस्याची फी यांतला फरक पुष्कळदा वर्षाच्या वर्गणीएवढाच असतो, म्हणून आधी सदस्य व्हा. मुंबईतल्या सभेला सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीननं निघालात तर दादरला पोचेपर्यंत दहा वाजतात, आणि उद्घाटनानंतरचं पहिलं तांत्रिक सत्र, जे पुष्कळदा सगळ्यात चांगलं असतं, हुकतं. वाशीच्या प्रदर्शन केंद्रात सभा असेल तर शिवनेरी बरी; गोरेगावला असेल तर आदल्या रात्रीच जा.

तिथे पोचल्यावर पोस्टरच्या रांगेत जास्त वेळ द्या. व्यासपीठावरून बोलणारा कायदा विभागानं पास केलेलंच बोलतो, पोस्टरजवळ उभा असलेला तरुण इंजिनिअर काय जमलं नाही तेही सांगतो. वहीत प्रत्येक संभाषणाखाली माणसाचं युनिट लिहा, पद नको. स्लाइड्स हव्या असतील तर आठ दिवसांच्या आत मेल करा, आणि त्यात तुम्ही विचारलेला प्रश्न पुन्हा लिहा, म्हणजे कोण ते त्याला आठवेल.